दार, एक नग

घेवड्याच्या त्या दीड एकरातलं बी जगाच्या पाठीवर दुसरीकडे कुठे शिल्लक नाही, असं थोरली जाऊ दरवर्षीच म्हणायची. या वर्षी ते खरं होतं. शेजारपाजारच्यांनी केव्हाच दुकानचं बी धरलं होतं, आणि घरातल्या बियाण्याच्या बरणीला गेल्या साली ओल लागून बुरशी आली होती. जे मूठ-दोन मूठ वाचलं ते तिने गेल्या हंगामात वाढवलं आणि यंदा सगळंच्या सगळं, देवाचं नाव घेऊन, मातीत टाकलं. मागे काही ठेवलं नाही.

आणि त्यावर मावा पडला.

खसखशीएवढा काळा किडा, पण पानाच्या पाठीला हजारांनी चिकटतो, रस पितो आणि जाता जाता झाडाला रोग देऊन जातो. मग शेंगेत बी धरत नाही. नेहमीचं औषध त्याला आता आंघोळीच्या पाण्यासारखं झालं होतं. ज्याने मरेल ते औषध घेवड्यावर मारायला सरकारची मनाई. तातडीची परवानगी मिळते, पण फुलं उमलायच्या आत; एकदा फुलं आली, मधमाश्या फिरू लागल्या, की कुणी हात जोडले तरी मिळत नाही. फुलाला नऊ दिवस होते.

अर्ज धाकट्या जावेने लिहिला. तिचं अक्षर मोत्यासारखं. त्यावरून कार्यालयातल्या तपासणीच्या मॅडम स्वतः आल्या. दीड एकर आडवं-तिडवं चालून त्यांनी पन्नास पानं उलटी करून मोजली. पानामागे तीस किडे भरले तर तातडी. भरले अठरा.

तिसऱ्या दिवशी कागद आला. धाकटीने अंगणात उभ्या उभ्या वाचला. "प्रादुर्भाव कमी. औषधाशिवाय अन्य उपाय केल्याची नोंद नाही. परवानगी नाकारण्यात येत आहे. हरकत असल्यास मूळ नोंदीसह तीन दिवसांत यावे."

"अठरा कसे भरतील?" ती म्हणाली. "परवा मी एका पानावर साठ मोजले."

थोरली हळूच म्हणाली, "त्या दिवशी जरा जास्त वेचलं मी."

"काय वेचलं?"

"खराब पानं. रोज पहाटे वेचते, साबणाच्या पाण्यात बुडवते. त्या दिवशी परकं माणूस रानात येणार होतं. त्यांना काय घाण दाखवायची?"

धाकटीने कपाळाला हात लावला. "ताई, अहो, घाणच बघायला आल्या होत्या त्या! डॉक्टर यायच्या आधी कुणी ताप पुसून ठेवतं का?"

थोरलीने बादली उचलली आणि विहिरीकडे चालू लागली. इतक्या वर्षांत धाकटी तिला कधी इतकं लागेल असं बोलली नव्हती. घटकाभराने धाकटीलाच राहवेना. माफी मागायची म्हणून मागोमाग गेली. थोरली मोटारीच्या खोलीशी उभी होती. खडूने दारावर एक रेघ ओढली, खडू चौकटीच्या खाचेत ठेवला आणि वळली.

"हे काय?"

"पानांची बादली झाली की एक रेघ. मला मेलीला लक्षात राहत नाही."

धाकटीने दार लोटून उन्हात घेतलं. हिरव्या लाकडावर वरपासून खालपर्यंत रेघाच रेघा. एक दिवस, एक ओळ. वर पहिल्या ओळीत एकच रेघ, मग दोन, तीन, मग सात, मधे औषध मारल्याच्या दिवशी एक फुली, आणि पुन्हा आठ, अकरा, चौदा. अशा एकेचाळीस ओळी. मॅडम आल्या त्या दिवशीच्या ओळीत एकोणीस.

"ताई," धाकटी म्हणाली, "नोंद नाही म्हणतात ना? ही काय उभी आहे."

तिने लगेच कार्यालयात फोन लावला. तिथल्या आवक-जावकच्या कारकुनाला सगळे पोचपावती म्हणत. कुणी पाणी दिलं तरी तो पोच देईल अशी त्याची ख्याती. "फोटो चालत नाही बाई," तो म्हणाला. "मूळ नोंद लागते. नियम मी केलेला नाही."

"मूळच आणते," धाकटी म्हणाली.

तिच्या नवऱ्याने बिजागऱ्या काढल्या. "सरकारी कचेरीत लोक खेटे घालून दारं झिजवतात," तो म्हणाला, "आपण घरचं घेऊन चाललोय." दार गोधडीत गुंडाळून टेम्पोत आडवं ठेवलं, खडू पुसला जाऊ नये म्हणून थोरली सगळी वाट त्याच्या उशाशी बसून होती, आजाऱ्याजवळ बसावं तशी.

पोचपावतीने चष्मा वर केला, दाराकडे पाहिलं, वही ओढली आणि लिहिलं: दार, लाकडी, एक नग, कडीसह.

मॅडमनी ते भिंतीला टेकवायला लावलं आणि खुर्ची ओढून समोर बसल्या. बोटाने एकेक ओळ मोजत खाली आल्या. शेवटी थांबल्या.

"ही एकोणीसची ओळ, मी आले त्या सकाळची?"

"हो," थोरली म्हणाली. "तुम्ही येणार होतात ना."

मॅडम हसल्या. मोठ्याने नाही, पण पोचपावतीने मान वर केली, इतपत. "म्हणजे मी मोजायच्या आत एकोणीस बादल्या पानं तुम्ही वेचून ठेवली होती. आजी, एकेचाळीस दिवस हाताने लढलात, त्याचं हे वाढतं मोजमाप. अर्जातला अन्य उपायांचा नववा रकाना एवढा भरून आणलेला मी अजून पाहिला नाही." पण त्या तेवढ्यावर थांबल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी गाडी काढून पुन्हा रानात आल्या. त्या सकाळी धाकटीने थोरलीचे दोन्ही हात धरून तिला ओट्यावर बसवून ठेवलं होतं. पानामागे त्रेपन्न भरले.

परवानगी संध्याकाळच्या आत निघाली. फक्त हे दीड एकर, फक्त एकदा, वारा पडल्यावर, बांधावर सूचनेची पाटी लावून, आणि पलीकडच्या मधवाल्याच्या पेट्या लांब नेऊन. मधवाल्याने पेट्या हलवल्या तेव्हा म्हणाला, "फुलं आली की हाक मारा, माझ्या माश्यांना तुमच्या घेवड्याचीच गोडी."

फवारणीच्या चौथ्या दिवशी थोरली बादली घेऊन सरीतून चालली. या टोकापासून त्या टोकापर्यंत. बादली रिकामी घेऊन परत आली. सवयीने खडूकडे हात गेला, तर चौकटीत दार नव्हतं. ते फायलीला जोडलेलं होतं. तिने मोकळ्या चौकटीलाच हात जोडले.

पाचव्या दिवशी फुलं आली. जांभळी, रानभर. मधवाल्याला हाक मारावी लागली नाही.

शेंगा वाळल्यावर दोघी जावा दार सोडवायला गेल्या. पोचपावतीने पोच मागितली. थोरलीने ती कनवटीतून काढून दिली, घडीवर घडी, पण शाबूत. दार परत आलं. वरच्या कोपऱ्यात लाल शाईत फाईल नंबर होता, तो कुणी पुसू दिला नाही.

बिजागऱ्या बसल्या. थोरलीने दार उलटं वळवून आतली कोरी बाजू बाहेर घेतली, तीच बादली वाळल्या शेंगांनी शिगोशीग भरून आणली आणि खडूने पहिली रेघ ओढली.

"तीसच्या पुढे जातील," धाकटी म्हणाली.

"मोज की मग," थोरली म्हणाली, "तुझं अक्षर चांगलं आहे," आणि खडू तिच्या हातात दिला.