पोशाच्या हातचं कडं

मित्रांनो, माझ्या अंगावर आता एकही फूल उरलेलं नाही. त्यामुळे मला पाहून मी कोण ते तुम्हाला कळणार नाही. शहरातली माणसं दारावर सुक्या गवताफुलांचं गोल कडं टांगतात ना, तसलंच मी एक जुनं कडं आहे.

पोशीर गावाच्या मागे डोंगराच्या पायथ्याशी ठाकरांची वाडी आहे. पोशा आणि ठमी हे नवराबायको तिथं राहायचे. भातं पिवळी पडू लागली की दोघं आमच्या कामाला लागायची. पोशा रानातून ओली वेल आणायचा आणि चुलीच्या धगीवर फिरवत तिला हळूहळू गोल वाकवायचा. ठमी कुरडूची गुलाबी फुलं आणि रानगवताचे तुरे वळचणीला उलटे टांगून वाळवायची, मग कड्यावर बांधायची. तयार कडी नेरळला सफुराबीच्या बांगड्यांच्या दुकानात विकायला जायची.

मला वाकवलं त्या दिवशी पोशाने मला खुंटीला अडकवलं, मग तो अंगणात गेला आणि छाती धरून खाली बसला. वाडीतल्या माणसांनी झोळी करून त्याला सडकेपर्यंत उतरवलं. तिथून टेंपोने कर्जतच्या दवाखान्यात नेलं. दुसऱ्या दिवशी ठमी परत आली, ती एकटीच.

त्यानंतर मी फुलांवाचूनच राहिलो. वळचणीची फुलं कडकडीत वाळली, तरी ठमी माझ्याकडे पाहायची आणि तोंड फिरवायची.

एके दिवशी सफुराबी धापा टाकत डोंगर चढून आली. ती ठमीजवळ टेकली. मग सफुराबीची नजर माझ्यावर गेली.

"ठमीबाय, हे रिकामंच ठेवलंस?"

"त्यानं वाकवल्यालं शेवटचं हाय. भरलं का झालं, संपलं त्याचं काम."

सफुराबीने तिचा हात हातात घेतला. "मंग इकू नको. पन भर. तुमी दोघं मिळूनच करायचा ना?"

ती गेल्यावर ठमीने मला खाली काढलं. रडत रडतच तिने मला भरलं. कुरडू, तुरे, मधूनमधून भाताच्या लोंब्या. इतकी दाट फुलं तिने दुसऱ्या कुठल्याच कड्याला बांधली नव्हती. पुढे कितीतरी पावसाळे मी त्या झोपडीच्या दारावर राहिलो. डोंगरावरचा धबधबा बघायला आलेली माणसं थांबून मला मागायची. "इकायचं नाय," एवढंच ठमी म्हणायची.

मग तिचे गुडघे धरले. तिचा मुलगा जगदीश नेरळच्या एका नव्या इमारतीत वॉचमन होता. तो तिला घेऊन आला. येताना तिने आपल्या लुगड्याच्या गाठोड्यावर मला ठेवलं होतं. इमारतीच्या मागची खोली लहान, वारा नाही. जगदीशची बायको सोनाली सकाळपासून चार घरची भांडी घासायची, आणि तिची तान्ही पोर रात्रंदिवस खोकायची. मी तर हात लागला की भुसा गाळत होतो.

एका सकाळी केर काढताना सोनालीने विचारलं, "आये, ह्याची धूळ पडतेय पोरीवर. टाकू का गं?"

ठमीने झोळीतल्या पोरीकडे पाहिलं. ती खोकून खोकून लाल झाली होती.

"टाक," ठमी म्हणाली.

सोनालीने मला भिंतीपलीकडच्या केराच्या ढिगावर फेकलं. तिथं माझी फुलं झडली आणि वेल एका ठिकाणी मोडली. संध्याकाळी जगदीशने खोलीतली माझी खुंटी रिकामी पाहिली.

"बाबाचं कडं कुठं हाय?"

सोनालीला काहीच ठाऊक नव्हतं. जगदीशने सांगितलं तशी ती धावत सुटली, हाताने केर उपसून तिने मला शोधलं आणि नळाखाली धुऊन ती मला घेऊन ठमीपुढे बसली. तिचे डोळे भरून आले होते.

"आये, सांगितलं का नाय गं मला?"

"काय सांगू? पोर खोकत होती ना."

सोनालीने आपल्या जुन्या साडीची चिंधी फाडून माझी मोडलेली वेल बांधली. ठमीने मला मांडीवर घेतलं. बोटं फिरवत फिरवत ती पोशाची वेल मोडली होती त्या गाठीशी आली आणि थांबली. मग तिने मला सोनालीच्या हातात दिलं आणि ती भिंतीकडे तोंड करून निजली.

त्या वर्षीच्या थंडीत ठमी वारली. मी आता जगदीशच्या खुंटीला आहे. सोनाली मला रोज ओल्या फडक्याने पुसते.

मित्रांनो, जुनी वस्तू फेकण्याआधी ती कुणाची, कुणाच्या हातची, एवढं तरी विचारत जा. नुसतं 'टाकू का?' म्हणू नका. घरातली म्हातारी माणसं त्याला 'टाक'च म्हणतात.