दुसरा उंचवटा

तिने काचेची चौकोनी कुपी वरच्या कडेला चिमटीत धरून यंत्रात ठेवली आणि झाकण लावलं. काचेवर बोटाचा ठसा उमटला तर लेझरचा प्रकाश त्यावरूनही विखुरतो, हे काकांनी तिला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. पाण्यातले बारीक कण चपळ, त्यांच्यावरून विखुरलेला प्रकाश भराभर लुकलुकतो. मोठे कण सुस्त, त्यांचा सावकाश. त्या लुकलुकण्यावरून यंत्र कणांचा आकार सांगतं.

आज पडद्यावरच्या आलेखात दोन उंचवटे आले. एक हवा तिथे. दुसरा त्याच्या कितीतरी पलीकडे, मोठ्या कणांच्या बाजूला.

काकांनी चष्मा कपाळावर सरकवला. कुपीतलं, डोळ्यांत घालायचं हे बारीक कणांचं औषध त्यांनी कित्येक वर्षं खपून घडवलं होतं. वर्षभर कपाटात ठेवलेल्या या बाटल्या तपासणीत उतरल्या, की नोकरी सोडून ते परगावी लेकीकडे राहायला जाणार होते. नात रांगायला लागली होती.

"धूळ असेल," ते म्हणाले. "गाळून घे."

प्रयोगशाळेत पाठीमागे सगळे त्यांना गाळणीकाका म्हणत ते उगाच नाही. तिने गाळलं. एकच उंचवटा आला, सुबक. उद्याच अहवाल धाडू म्हणून काका मोकळे झाले. लेकीकडे चहा गाळायचं कामही आपल्यालाच मिळणार, असं सांगून स्वतःच हसले.

ती हसली नाही. कुपी धुऊन तिने नुसतं पाणी मोजलं. स्वच्छ. मग दुसरी बाटली उघडली आणि औषध न गाळता मोजलं. पुन्हा दोन उंचवटे, त्याच जागी.

"काका, धूळ दर वेळी एकाच मापाची कशी येईल?"

तिने पडद्यावरच्या दुसऱ्या उंचवट्यावर बोट ठेवलं.

"कण एकमेकांना चिकटतायत. गाळून आपण तेच काढून टाकतोय." तिचा आवाज खाली आला. "लोक काही गाळून डोळ्यांत घालणार नाहीत."

काका उठले. त्यांनी कुपी स्वतः धुतली, तिसऱ्या बाटलीतलं औषध भरलं, झाकण लावलं. हात क्षणभर झाकणावरच राहिला.

याही वेळी उंचवटे दोन आले.

त्यांनी लेकीला फोन लावला.

"आमचं येणं लांबलं गं. नाही, तब्येत ठणठणीत आहे. इथे प्रयोगशाळेतल्या आमच्या पोरीला काहीतरी सापडलंय, ते निस्तरायला हवं."

काकांनी खुर्ची खिडकीकडे वळवली.

"बरं," ते म्हणाले, "फोन जरा नातीच्या कानाला लाव."