गळलेला काना

नानांनी खिशातून लाल पेन्सिल काढली आणि सत्तावीस नंबरच्या कार्डावर ‘संसर्गजन्य’ या शब्दाखाली घट्ट रेघ ओढली. असं करायला त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. टेबलाभोवतीच्या सहा जणांनी पुढ्यातली चौदा कार्डं वाचायची आणि कोणता प्रश्न जास्त महत्त्वाचा ते ठरवून त्यांची उतरंड लावायची, एवढंच काम होतं. पण चाळीस वर्षं छापखान्यात प्रुफं तपासलेल्या माणसाला चुकीचा शब्द दिसला की त्याचा हात जाग्यावर राहत नाही.

“‘संसर्गजन्य भ्रम’ म्हणजे एकाचा दुसऱ्याला लागणारा भ्रम,” नाना म्हणाले. “यांना म्हणायचंय, संसर्गामुळे होणारा.”

“आमच्याकडे लागतो,” शेजारी बसलेले निवृत्त बस कंडक्टर म्हणाले. “ताप मला आला होता, आणि बरळत होतं सगळं घर. मुलगा तर माझ्यादेखत कपाटात मृत्युपत्र शोधत होता.”

हॉस्पिटलच्या तिसऱ्या मजल्यावरच्या या खोलीत सकाळपासून तीन टेबलं मांडून हा उद्योग चालला होता. म्हाताऱ्या माणसांना होणाऱ्या संसर्गांवर पुढची काही वर्षं कसलं संशोधन करायचं, हे या खेपेस डॉक्टरांनी एकट्यानं न ठरवता रुग्णांना आणि घरच्यांनाही विचारायचं, असं ठरलं होतं. निनावी अर्जांवर लोकांनी प्रश्न पाठवले होते. म्हातारपणी न्यूमोनिया झाला तरी ताप का येत नाही, औषध पाच दिवस घ्यायचं की दहा, असे एकूण एक्केचाळीस प्रश्न निघाले. त्यांतले दहा ठेवायचे होते. बैठक चालवणाऱ्या डॉक्टरबाईंनी सुरुवातीलाच दोन नियम सांगितले होते. नवरा-बायको एका टेबलावर बसणार नाहीत, कारण मग एकच मत दोनदा पडतं. आणि ज्याचं उत्तर आधीच ठाऊक आहे, तो प्रश्न बाद.

पहिल्या नियमामुळे माई खिडकीजवळच्या टेबलावर होत्या आणि नाना दाराजवळच्या. नानांच्या दृष्टीनं हे फार बरं झालं होतं, कारण सत्तावीस नंबरचा प्रश्न त्यांचा स्वतःचा होता.

कार्डावर वर डॉक्टरांच्या भाषेत छापलं होतं, ‘वृद्धांमधील संसर्गजन्य भ्रमावस्थेतील विधानांची विश्वसनीयता’. हे वाचून नानांच्या अंगावर काटा आला होता. खाली बारीक अक्षरात मूळ प्रश्न जसाच्या तसा दिला होता: ‘म्हाताऱ्या माणसाला संसर्गानं भ्रम होतो; त्या भ्रमात ते माणूस जे बोलतं, ते खरं असतं का?’

चार महिन्यांपूर्वी एका दुपारी माईंनी कपाटातल्या सगळ्या साड्या काढून पलंगावर मांडल्या आणि छापखान्याची वेळ झाली म्हणून चपला शोधायला लागल्या. छापखाना बंद होऊन वीस वर्षं झाली होती. ताप नव्हता, खोकला नव्हता. शेजारणीनं ‘वय झालं की असंच’ म्हणून हात झटकले. शेवटी ओळखीतल्या एका नर्सनं लघवी तपासायला लावली आणि सगळा घोळ तिथं सापडला. औषध लागू पडायला तीन दिवस गेले.

ते तीन दिवस माई नानांना ‘तू’ म्हणत होत्या.

छापखान्यात त्या शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायच्या आणि नाना त्यांची प्रुफं तपासायचे, तेव्हा ‘तू’च होतं. लग्न झालं, सासूबाईंनी डोळे वटारले, आणि ‘तू’चं ‘अहो’ झालं ते सेहेचाळीस वर्षं टिकलं. त्या तीन दिवसांत माई पुन्हा पंचविशीतल्या झाल्या. ‘तू चष्मा काढ, फार शहाणा दिसतोस,’ म्हणाल्या. आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, सूप भरवून घेता घेता म्हणाल्या, ‘काना मी मुद्दाम गाळायचे. नाहीतर तू माझ्या खिळ्यांच्या खणाशी आला कशाला असतास?’

नानांच्या हातातला चमचा तसाच राहिला होता. माईंच्या प्रुफांत काना हमखास गळलेला असायचा आणि तो सांगायला नाना दिवसातून चारदा जायचे, हे खरं होतं. पण इतकी वर्षं ते या मुलीला शिकवून आपणच तयार केलं, अशा समजुतीत होते.

चौथ्या दिवशी सकाळी माई म्हणाल्या, ‘अहो, औषधाची वेळ टळून गेली.’ नर्स हसली, लेकीनं फोनवर सुटकेचा निःश्वास टाकला. नानांनाही आनंद झाला, अगदी मनापासून झाला, आणि तरी गोळी देताना त्यांना कुणीतरी घर सोडून गेल्यासारखं वाटलं. याची त्यांना इतकी लाज वाटली की आठवडाभर त्यांनी तोंड उघडलं नाही. मग एकदा भीत भीत विचारलं, त्या दिवसांतलं काही आठवतं का. ‘काही नाही,’ माई म्हणाल्या. ‘आणि तुम्हीही उगाळत बसू नका.’ तेव्हा नानांनी अर्ज भरला.

टेबलावरचे तरुण डॉक्टर सत्तावीस नंबर खाली सरकवू लागले. खरं-खोटं मोजायचं कशानं, असा त्यांचा सवाल होता आणि तो बिनतोड होता. नानांनी कार्ड पुन्हा वर सरकवलं. डॉक्टरांनी खाली, नानांनी वर.

“तुम्हाला याचा एवढा पुळका का?” कंडक्टरांनी विचारलं.

“भाषेच्या दृष्टीनं,” नाना म्हणाले.

कंडक्टरांनी खुर्ची जवळ ओढली. मग हलक्या आवाजात सौदा मांडला. लघवीची नळी घातल्यावर ती काढायची आठवण कुणी ठेवायची, हा कंडक्टरांचा लाडका प्रश्न होता आणि त्यामागे अकरा दिवसांचा स्वानुभव होता. नानांनी नळीला मत द्यावं, कंडक्टर भ्रमाला देतील. नानांनी मान डोलावली. मग समोरची नर्स बोलली. अशा रुग्णाच्या उशाशी बसलेली माणसं हेच विचारतात, आई मला असं बोलली ते तिच्या मनातलं होतं का, आणि माझ्याकडे सांगायला काही नसतं, असं ती म्हणाली. त्यावर डॉक्टरांनी हात मागे घेतला आणि सत्तावीस नंबर त्या टेबलाच्या पहिल्या पाचांत बसला.

जेवणानंतर तिन्ही टेबलांची निवडक कार्डं फळ्यावर लागली. नानांनी नजर जमिनीकडे ठेवली. माई उठल्या, पर्समधून चष्मा काढला आणि एकेक कार्ड सावकाश वाचत पुढे सरकल्या. सत्तावीस नंबरपाशी त्या थांबल्या. तिथं लाल पेन्सिलीची रेघ होती. रेघेखाली, बारीक अक्षरातल्या प्रश्नात, एक अर्धविराम होता. अर्धविराम वापरणारा माणूस त्यांच्या माहितीत एकच होता. पेन्सिल खिशात ठेवायची अक्कल आपल्याला सकाळी का सुचली नाही, म्हणून नानांनी स्वतःला मनातल्या मनात चार शिव्या घातल्या.

“हा काढून टाका,” माई म्हणाल्या.

डॉक्टरबाईंनी कारण विचारलं.

“उत्तर ठाऊक आहे. तुमच्याच नियमानं बाद.”

कंडक्टर म्हणाले, हा आमच्या टेबलाचा प्रश्न आहे, असा कसा बाद. नर्सही काही बोलू लागली. डॉक्टरबाईंनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं आणि विचारलं की उत्तर ठाऊक असेल तर पुरावा लागेल, तो कुठे छापून आला आहे का.

“छापून आला नाही. प्रुफं तपासणाऱ्यानं येऊ दिला नाही,” माई म्हणाल्या. “ज्यानं विचारलंय त्याला मी देईन.”

खोलीत हशा पिकला. डॉक्टरबाईंना काही उलगडलं नाही. पण प्रश्न असा एका बाईच्या सांगण्यावरून काढता येत नाही, म्हणून त्यांनी मत घेतलं. सत्तावीस नंबर सातवा आला. विरोधात एकच हात होता आणि बाजूनं नानांचा हात वर गेलाच नाही, तो खिशात पेन्सिल धरून बसला होता.

बाहेर जिन्यापाशी कंडक्टरांनी नानांचा हात हातात घेऊन नळीबद्दल आभार मानले. ते गेले. माई कठड्याला धरून उभ्या होत्या. नाना म्हणाले की ‘संसर्गजन्य’ मात्र शेवटपर्यंत तसंच राहिलं.

माईंनी पर्स खांद्याला लावली आणि एक पायरी उतरल्या.

“चल,” त्या म्हणाल्या.

नाना जागच्या जागी उभे राहिले. शब्दात एक काना कमी होता. त्यांनी दुरुस्त केला नाही.