माझ्या पोटातली कागदी पाखरे

मित्रांनो, मी एक जुने टेबल आहे. अंगाने चांगले ऐसपैस, एका पायाने किंचित आखूड, आणि आता वरून इतके चकचकीत की येणारा-जाणारा आधी माझ्यात डोकावून आपले केस नीट करतो. पण मी जन्मापासून असे नव्हते. माझी हकीकत थोडी माझी आणि बरीचशी एका मावशीची आहे.

सुताराने मला घडवले ते कापड बेतण्यासाठी. मावशी बायकामुलांचे कपडे शिवायची. खडूच्या रेघा, टाचण्यांची भोके, कात्रीचे ओरखडे, सारे मी अंगावर मिरवत होते. गिऱ्हाइकांची मुले माप देताना चुळबुळ करायची, रडून आईच्या नाकी नऊ आणायची. मग मावशी फर्म्याच्या, म्हणजे कपड्याचा नमुना कापायच्या, खाकी कागदाचा उरलेला तुकडा उचलायची, गप्पा मारता मारता दुमडायची आणि कात्री फिरवायची. कागद उलगडला की पाखरू. मूल ते बघत बसायचे आणि तेवढ्यात मावशीचे माप घेऊन झालेले असायचे.

तिची भाची तर माझ्या खालीच वाढली. चिंध्यांचे घर करून ती तिथे बसायची आणि वरून पडणारी पाखरे झेलायची. पुढे ती रंगाच्या दुकानात नोकरीला लागली, पण राहिली मावशीपाशीच.

मग मावशीची नजर मंदावली. आधी सुईत दोरा ओवता येईना, मग समोरच्याचा चेहरा ओळखू येईना, आणि शेवटी उजेड कुठून येतो एवढेच कळायचे. शिवणयंत्रावर कापड पडले. नजर पुरती जाण्याआधी तिने पाखरांचा एक थवा कापून बिस्किटाच्या डब्यात ठेवला होता. रोज दुपारी ती तो माझ्यावर मांडायची आणि एकेकावरून बोट फिरवायची.

"हे मान वळवलेलं. हे झोपाळू. आणि हे आगाऊ, पंख पसरून बसलंय."

बोटे फिरून फिरून कागद मऊ पडला. एका दुपारी एका पाखराचे शेपूट तिच्या हातातच आले. तिने ते डब्यात ठेवले. भाचीने मात्र ते पाहिले आणि तिचा जीव वरखाली होऊ लागला. मावशीने कात्री कधीच ठेवून दिली होती. आता ही पाखरे गेली की गेलीच.

मावशी काही दिवस भावाकडे राहायला गेली, तेव्हा भाचीने गुपचूप काम काढले. तिने मला घासले, धूळ पुसली, आखूड पायाखाली पुठ्ठा सारून मला सपाट केले. पाखरे मांडून पातळ डिंकाने चिकटवली. तुटलेले शेपूटही जागच्या जागी बसवले. वरून पुन्हा डिंकाचा हात दिला, कारण कागदात हवा राहिली तर बुडबुडे येतात. मग दुकानातून आणलेले दोन डबे उघडले, एकात रेझिन, दुसऱ्यात ते घट्ट करणारे हार्डनर. दोन्ही सावकाश ढवळून तिने ते पाण्यासारखे पारदर्शक, मधासारखे दाट मिश्रण माझ्यावर ओतले. केस वाळवायच्या यंत्राने गरम हवा देऊन एकेक बुडबुडा वर काढला. घट्ट होताना मला ताप भरल्यासारखे झाले. पण इतक्या मायेने मला कोणी हात लावला नव्हता, म्हणून मी ते सुखाने सोसले.

मी वाळले आणि शेजारीणबाई बघायला आल्या. "अगं, पाखरं पाण्यात पोहताहेत की काय," म्हणाल्या. त्यांनी आणखी चार जणींना बोलावून आणले. खरे सांगते मित्रांनो, मी फुगून गेले होते.

मावशी परत आली. भाचीने तिला माझ्यापाशी बसवले आणि तिचा हात माझ्यावर ठेवला.

मावशीचा तळवा फिरला. "किती गुळगुळीत झालंय गं. आणि माझी पाखरं कुठायत?"

"तुझ्या हाताखालीच आहेत, मावशी. आता कधी फाटणार नाहीत."

मावशीने बोटे टेकवली. इकडून तिकडे नेली, पुन्हा परत आणली. "असतील," ती म्हणाली. "छान केलंस हो."

तेव्हा भाचीला उमगले. मलाही. जी पाखरे भाची तळहातावरच्या फोडासारखी जपायला गेली, ती आता साऱ्या जगाला दिसत होती आणि फक्त मावशीलाच सापडत नव्हती. ती माझ्याच पोटात होती, तिच्या बोटांपासून नखभर खाली, आणि मला ती देता येत नव्हती. मला फार वाईट वाटले.

मावशी रागावली नाही. ती दुपारी खिडकीजवळच्या खुर्चीत बसू लागली, एवढेच. रिकामा डबा मांडीवर असायचा. भाचीने एकदा सुताराची पटाशी आणून माझ्या कडेला लावून पाहिली, पण थर फोडला असता तर कागदही फाटला असता. तिने पटाशी ठेवून दिली आणि रडली.

दुसऱ्या दिवशी तिने खाकी कागद आणि कात्री मावशीच्या हातात दिली.

"मला दिसत नाही, बाई."

"कापताना कधी बघत होतीस तू? गिऱ्हाइकाशी बोलत असायचीस. माझ्याशी बोल."

मावशी बराच वेळ कागद चाचपत राहिली. मग तिने तो दुमडला. कात्री अडखळली, थांबली, पुन्हा चालली. कागद उलगडला. भाचीने तो घेऊन माझ्यावर इकडे तिकडे सरकवला आणि पंख पसरलेल्या पाखरावर बरोबर ठेवला. मग मावशीचे बोट धरून कडेकडेने फिरवले.

"खाली तुझं आगाऊ आहे. पंखाला पंख जुळलाय. चोच तेवढी आखूड झालीय."

"झिजली असेल. त्याचंही वय झालं." मावशी हसली. तिची खुर्ची त्या दिवसापासून पुन्हा माझ्यापाशी आली.

आता माझ्यावर नवी पाखरे सुटीच असतात. पंख्याच्या वाऱ्याने उडतात, चुरगळतात, फाटतात. शेजारीणबाई म्हणाल्या, "हीपण चिकटवून टाका, नाहीतर जातील."

"जाऊ देत की," मावशी म्हणाली. "दुसरी काढू."

मित्रांनो, आवडती वस्तू जरूर जपा. पण ती ज्याच्यासाठी जपता, त्याचा हात तिथवर पोहोचतो ना, एवढे आधी बघा. आणि कधी आमच्याकडे आलात, माझ्यावर खाकी कागदाचा कपटा दिसला, तर कचरा समजून झटकू नका. माझ्या पोटातले पाखरू तुम्हाला दिसतेच आहे. मावशीला ते त्या कपट्यातच सापडते.