हात वर करायचा हुकूम

मिरी ओमा नदीवरच्या पुलाच्या अलीकडे वाळूची पोती रचलेली आहेत. तिथे पोचलं की गाडी थांबवायची, दार उघडायचं आणि सगळ्यांनी खाली उतरायचं. मग दोन्ही हात डोक्याच्या वर, बोटांत ओळखपत्र, आणि एकामागे एक पायी पूल ओलांडायचा. ड्रायव्हरने रिकामी गाडी पलीकडे नेऊन थांबायचं. पाठीला बाळ बांधलेली बाई असो की काठी टेकत चालणारा म्हातारा, हात वर. चार वर्षं हे चाललं होतं. त्या चार वर्षांत मी प्रवासी गाडी घेऊन दिवसाला चार वेळा तो पूल ओलांडला आणि एकदाही कुणाला विचारलं नाही, की बाबांनो, हे कशासाठी?

विचारणार कोण? बंदूकवाल्यांनी आमच्या भागात काय केलं ते मला माहीत आहे. माझा चुलतभाऊ उझोमा याच रस्त्यावर मारला गेला, बाजारातून येताना. तेव्हा लष्कर आलं म्हणून मीच सगळ्यात जास्त खूश झालो होतो. पहिल्या आठवड्यात मी शिपायांना उकडलेल्या शेंगा नेऊन दिल्या होत्या. आठवलं की तोंड कडू होतं.

उलोआकू मॅडम माझ्या गाडीत पहिल्यांदा बसल्या तो मार्चमधला शुक्रवार होता. मुलींच्या शाळेत तीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झालेल्या, वय अडुसष्ट. एरवी भाच्याच्या गाडीने दुसऱ्या रस्त्याने शहरात बहिणीकडे जात, पण तो रस्ता खचला होता. पुढच्या सीटवर माझ्याशेजारी बसल्या. मी पोत्यांजवळ गाडी थांबवली.

"का थांबलास? पंक्चर?"

"चौकी आहे मॅडम. उतरावं लागतं."

"मग त्यांना येऊन बघू दे की. त्यांना पाय नाहीत?"

मागून कुणीतरी हसलं. एक बाई म्हणाली, "उतरा हो मॅडम, माझं दुकान उघडायचं राहील."

त्या उतरल्या. मी गाडी पलीकडे नेली. पूल लहान आहे, शंभर पावलांचा, इकडचं बोलणं तिकडे ऐकू येतं. मी आरशात बघत होतो. रांग चालू लागली. मॅडमचा उजवा हात वर होता, डावा छातीपर्यंतच. त्यांच्याजवळ एक शिपाई गेला. तरुण होता, दाढी नीट फुटलेली नव्हती.

"दुसरा हात!"

"हा एवढाच जातो. मोटरसायकलवरून पडले होते, तेव्हापासून खांदा आखडलाय."

"नाटक नको, म्हातारे."

"नाटक कसलं? तू तिकीट काढलंयस का?"

रांगेतली माणसं हसली. फार नाही, दोघंतिघं. पण ते हसू त्या पोराला झोंबलं. त्याने बंदूक पाठीवर टाकली, मॅडमचं डावं मनगट धरलं आणि हिसका देऊन वर ओढलं.

ओलं लाकूड मोडावं तसा आवाज आला. गाडीत बसून मला ऐकू आला. मग त्यांची किंकाळी. त्या खाली बसल्या, तर तो म्हणाला, "तशीच बस. गुडघ्यावर. हात वर होईपर्यंत उठायचं नाही." डांबर इतकं तापलेलं होतं की चपलेतून चटका बसावा.

बाकीचे सगळे गाडीत येऊन बसले. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. मी इंजिन चालूच ठेवलं होतं. पाच मिनिटं गेली, दहा गेली. दुकानवाली म्हणाली, "चल बाबा. मागची गाडी घेईल त्यांना."

आणि मी गेलो.

हे मी कोर्टात सांगितलं तेव्हा माझी मान खाली होती, आता लिहितानाही आहे. मी गेलो. शहरात पोचल्यावर स्टँडवर मी ओक्पा, म्हणजे कडधान्याच्या पिठाचा वाफवलेला गोळा, विकत घेतला, गरम, केळीच्या पानातला. एकच घास घेऊन तसाच धरून बसलो. शेवटी कुत्र्याला टाकला.

तीन आठवड्यांनी स्टँडवर एक वकील आला. ओबिओमा त्याचं नाव. बारीक, चष्मेवाला, बुटांवर लाल धूळ. मॅडमने हायकोर्टात अर्ज केला होता, साक्षीदार हवा होता. गाडीतल्या चौदा जणांपैकी तो नऊ जणांकडे जाऊन आला होता. एक म्हणाला, मी त्या दिवशी गाडीत नव्हतोच. दुकानवालीने दारच उघडलं नाही.

मी म्हणालो, "वकीलसाहेब, तुम्ही काळा कोट घालून शहरात बसणार. मला त्याच पुलावरून दिवसाला चार वेळा जायचंय. माझी गाडी कोणती, हे त्यांना कळायला किती वेळ लागेल?"

तो म्हणाला, "खरं आहे." आणि कार्ड ठेवून गेला. त्याने वाद घातला असता तर बरं झालं असतं. मला भांडायला कुणीतरी हवं होतं.

दुसऱ्या दिवशी मॅडम स्वतः आल्या. हात गळ्यात बांधलेला. माझ्या गाडीच्या दारात उभ्या राहिल्या. आजूबाजूचे ड्रायव्हर बघायला लागले.

"तुझं नाव इकेम्बा ना?"

"हो, मॅडम."

"इकेम्बा म्हणजे लोकांचं बळ. आईने ठेवलं की बापाने?"

"बापाने."

"जिवंत आहे?"

"नाही."

"मग बरं झालं. त्याला कळायला नको. तू इंजिन चालू ठेवून बसला होतास. मी गुडघ्यावर होते, मला तुझ्या गाडीचा धूर दिसत होता. मला वाटलं, हा थांबलाय. मग धूर दिसेनासा झाला."

मला राग आला. हो, त्यांच्यावर आला. सगळ्यांसमोर असं बोलल्या म्हणून आला. मी म्हणालो, "मी काय करणार होतो? त्याच्याकडे बंदूक होती!"

"काही करायचं नव्हतं. थांबायचं होतं." एवढं बोलून त्या दुसऱ्याच्या गाडीत जाऊन बसल्या.

रात्रभर झोप लागली नाही वगैरे काही नाही, मी झोपलो. सकाळी उठलो तर राग तसाच होता, पण मॅडमवरचा उतरला होता. बायकोला, ओयिदियाला, म्हटलं, मी साक्ष देतोय. ती भांडी घासत होती. म्हणाली, "दे. पण मग घरी येऊन माझ्यावर ओरडायचं नाही." एवढंच.

कोर्टात मी आयुष्यात पहिल्यांदा गेलो. पंखा फिरत होता पण वारा येत नव्हता. सरकारचे वकील चांगले बोलणारे होते. त्यांनी मारल्या गेलेल्या लोकांची यादी वाचली. त्यात उझोमाचं नाव होतं. मला वाटलं, माझ्याच भावाचं नाव घेऊन हा माझ्या अंगावर येतोय.

ते मला म्हणाले, "म्हणजे तुमचा चौकीला विरोध आहे?"

"नाही साहेब. चौकी असू दे. यादीत तुम्ही आत्ता वाचलं तो उझोमा माझा चुलतभाऊ. गाडी थांबवा, पिशव्या बघा, सीटखाली बघा, मी स्वतः दाखवतो. पण ज्यांनी उझोमाला मारलं ते ओळखपत्र घेऊन हात वर करून पुलावरून चालत आले नव्हते. ते नदीच्या बाजूने, कसाव्याच्या शेतातून आले होते. तिकडे आजही कुणी उभं नसतं."

मागे बसलेले लोक कुजबुजले. न्यायाधीशांनी टेबलावर पेन आपटलं.

मग लष्कराचा कॅप्टन उभा राहिला. इस्त्रीचा युनिफॉर्म, बोलणं अदबीचं. न्यायाधीश त्याला म्हणाले, "गाड्या थांबवून तपासायचा अधिकार आहे, त्याचा कागद मी वाचला. सगळ्या प्रवाशांनी हात वर करून चालायचं, हा हुकूम कुठे आहे?"

"महोदय, ती पद्धत आहे."

"लेखी?"

"तोंडी, महोदय."

"कुणाचा?"

"मी येण्याआधीपासून चालत आलंय."

"तुमच्या आधीच्यांना विचारलं?"

"विचारलं, महोदय. त्यांनीही तेच सांगितलं."

चार वर्षं! शाळेची पोरं, गरोदर बाया, प्रेताबरोबर चाललेले लोकसुद्धा हात वर करून त्या पुलावरून गेले होते. आणि हुकूमच नव्हता. कुण्या एकाला एक दिवस वाटलं, आणि आम्ही सगळ्यांनी हात वर केले. ज्याने पहिल्यांदा सांगितलं त्याचं नावही कुणाला माहीत नाही. माझ्याशेजारी मॅडम बसल्या होत्या. त्या अगदी हळू म्हणाल्या, "बघ. तीस वर्षं मी मुलींना सांगत आले, पहिली ओळ आली कुठून ते विचारा."

चार महिन्यांनी निकाल लागला. चौकी कायदेशीर. संशय असेल त्याला बाजूला घेऊन झडती कायदेशीर. पण काहीही संशय नसताना येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला हात वर करून चालवणं बेकायदेशीर, माणसाच्या प्रतिष्ठेला बाधा आणणारं. ते ताबडतोब थांबवावं. मॅडमना भरपाई, लेखी माफी. ओबिओमाने चष्मा काढून डोळे पुसले. मॅडम म्हणाल्या, "माफीचं पत्र आलं की मला दाखव." ते आजपर्यंत आलेलं नाही. सरकारने अपील केलंय.

पुलावर काय झालं? पुढचे सहा आठवडे काहीच नाही. रोज हात वर. माझ्या गाडीच्या चाकांची हवा दोनदा सोडली गेली. एका शिपायाने माझं लायसन्स हातात धरून विचारलं, "तूच ना तो कोर्टवाला?" मी हो म्हटलं. त्याने लायसन्स नदीत टाकलं. मी नवीन काढलं.

मग तुकडी बदलली. नवे शिपाई आले. सोमवारी सकाळी मी पोत्यांजवळ गाडी हळू केली, तर एक शिपाई हातातला कप तसाच धरून माझ्याकडे बघत राहिला. थांब म्हणाला नाही, उतरा म्हणाला नाही.

आणि माझ्या मागे दार सरकलं. माझे प्रवासी आपणहून उतरायला लागले. कुणी काही सांगितलं नव्हतं! एक टायवाला माणूस, बँकेत असावा, हातातली बॅग काखेत मारून दोन्ही हात वर करून उभासुद्धा राहिला. त्याच्यामागे एक बाई. तिच्यामागे तिची मुलगी.

मी शिपायावर कधी चिडलो नाही इतका त्या टायवाल्यावर चिडलो. गाडीतून उडी मारली. "आत बसा! कुणी सांगितलं तुम्हाला उतरायला?"

"चौकी आहे ना," तो म्हणाला.

"त्याने उतरा म्हटलं? म्हटलं का? हात खाली करा आधी!"

"तुला मरायचं असेल तर तू मर. आमच्या जिवाशी खेळू नकोस."

एवढ्या आरडाओरड्याने शिपाई कप ठेवून आला. बंदूक आता हातात होती. "काय चाललंय? उतरा सगळे."

टायवाल्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू हे मीच घडवलं. खरंही होतं ते. मी नसतो ओरडलो तर कदाचित गुपचूप गेलो असतो. पण मी गाडीच्या दारात उभा राहिलो आणि खिशातून निकालाची प्रत काढली.

"साहेब, तपासा. सगळं तपासा. पण हे लोक बसून राहतील. हात वर करणार नाहीत. कोर्टाचा हुकूम आहे, वाचा."

"मला कोर्ट शिकवतोस?"

"नाही. वाचा म्हणतोय."

त्याने मला छातीवर बंदुकीच्या दस्त्याने ढकललं. मी दारावर आपटलो, पण पडलो नाही आणि बाजूलाही झालो नाही. त्याने पोत्यांमागच्या साहेबाला हाक मारली. साहेब आला, कागद घेतला आणि उन्हात उभा राहून सगळा वाचला. तीन पानं. मागे सात गाड्या थांबल्या, हॉर्न सुरू झाले. गाडीतून लोक मला शिव्या देत होते. माझ्या आईला, माझ्या बापाला, माझ्या गाडीला. मुलीची आई एकटीच काही बोलत नव्हती. ती मुलीला घेऊन आत जाऊन बसली होती, दोन्ही हात मांडीवर ठेवून.

साहेबाने कागद घडी घालून मला परत दिला. शिपायाला म्हणाला, "आत बघून घे. जाऊ दे."

शिपायाने आत डोकावून ओळखपत्रं पाहिली, दोन पिशव्या उघडल्या, मुलीच्या दप्तरात हात घातला. चाळीस मिनिटं गेली होती. मी गाडी चालू केली आणि आम्ही सगळे बसल्या बसल्या पूल ओलांडला.

पलीकडे गेल्यावर टायवाला म्हणाला, "मला इथेच उतरव. तुझ्या गाडीत मी पुन्हा बसणार नाही. एक दिवस तू सगळ्यांना गोळ्या घालायला लावशील."

मी त्याला उतरवलं. कदाचित त्याचं खरं असेल. आरशात बघितलं, तर मागच्या गाडीतले लोक उतरले होते आणि हात वर करून चालत येत होते. शिपाई कप घेऊन बसला होता. त्याने त्यांना काहीच सांगितलं नव्हतं.

छाती दुखत होती. मी खिडकी खाली केली आणि त्यांच्यावर ओरडलो. काय ओरडलो ते इथे लिहिण्यासारखं नाही. मग मुलीची आई म्हणाली, "चला हो दादा, हिची शाळा भरते," आणि मी गिअर टाकला.