मू काकूंनी नेलेला सदरा

आमच्या चिंगफूच्या घाटावर आता मिठाच्या होड्या लागत नाहीत, फोटो काढणारे पाहुणे उतरतात. जुनी घरं, लाल कंदील बघून त्यांना गाव फार आवडतं. आवडू दे. संध्याकाळी पाण्याकडे पाठ करून बसतात, ते आम्ही करत नाही.

शेजारच्या मू काकूंची नात निंगनिंग घाटावरून पाण्यात पडली. लगेच बाहेर काढली, पण ताप हटेना आणि पोर डोळे उघडेना. डॉक्टर झाले, औषधं झाली. आमच्याकडे म्हणतात, घाबरलेल्या पोराचा जीव पाण्यातच राहतो. मग त्याचा सदरा घेऊन घाटावर हाक मारायची आणि घरातून कुणीतरी ओ द्यायची. माझं दारूचं दुकान भिंतीला भिंत लावून, म्हणून ओ द्यायला मी पोरीच्या उशाशी बसले.

दिवेलागणीला काकूंची हाक आली, "घरी चल, बाळा."

"आले गं," मी ओ दिली.

पोरीने डोळे उघडले. तिची आई लान रडायलाच लागली. पोरीने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. दारात आलेल्या काकूंना ती म्हणाली, "आई, मिठाच्या होड्या लागल्या का?"

माझ्या अंगावर काटा आला. त्या होड्या लानच्या लग्नाआधीच बंद झाल्या. काकूंचा थोरला मुलगा, चिनक्वेइ, त्यांतलीच एक ओढताना बुडाला होता.

"काकू, सदरा कुठला नेलात?" मी विचारलं.

काकूंनी सदरा उराशी धरला. म्हणाल्या, "त्याच्या कोटाचा कापून शिवलेला."

"बुडालेल्याचं कापड लेकराला घालतं का कुणी?"

"टाकवलं नाही गं."

"आणि माझी पोर?" लान ओरडली. "ती अजून पाण्यातच आहे ना?"

पोरीने काकूंची बाही धरली. "आई, भूक लागलीय."

काकू तिच्या केसांतून हात फिरवत राहिल्या. आता काकू काही त्याला सोडत नाहीत, असं मला वाटलं. रागही आला आणि कीवही.

काकूंनी वाटीभर पेज आणली, फुंकर घालून भरवली, तोंड पुसलं. मग तो सदरा आणि निंगनिंगचा नवा झगा घेऊन घाट उतरल्या. सदरा पाण्यात सोडलेला मी दारातून पाहिला.

"जा रे राजा, आता नको येऊस," त्या म्हणाल्या. मग नातीला हाक मारली. मी ओ दिली.

निंगनिंग लानला बिलगली आणि भूक लागली म्हणून रडू लागली.

अंधार पडला तरी काकू पायरीवरच बसून होत्या. घरात बोलवायला मी दारात गेले, पण पाण्याकडे तोंड करून हाक मारायचा मला धीर झाला नाही; न जाणो, ओ दुसऱ्याच कुणी दिली तर.