टायर रोलरवाले लालासाहेब

"काका, रोलर मागे घ्या. आज तुमचं मशीन चालणार नाही," कामावरच्या इंजिनिअर संयोगिता मॅडम म्हणाल्या आणि लालासाहेबांचा हात चावीवरच राहिला.

"चालणार न्हाई म्हंजी? मुकादम तर म्हनला, ह्यो टायरचा रस्ता हाय!"

"टायरचाच आहे. डांबरात जुन्या टायरांचा चुरा घातलाय. तुमची चाकंही रबराची. हे गरम डांबर रबराला चिकटतं, खडी उचलून येते. इथं लोखंडी रोलरच लागतो."

टायरचा रस्ता म्हणजे टायर रोलरचा, हे लालासाहेबांनी आपल्या मनानेच ठरवलं होतं. साताऱ्यापासून सांगलीपर्यंत त्यांनी दुसऱ्यांच्या गावचे रस्ते दाबले. कोरेगावपासून आडवाटेला असलेलं त्यांचं स्वतःचं गाव मात्र खड्ड्यांतच राहिलं. आता येत्या दिवाळीला काम कायमचं सोडायचं, आणि नेमका गावचा रस्ता निघाला. मग काय, "आपला रस्ता आपुनच दाबनार," असं त्यांनी पारावर सांगून टाकलं. बढाईला पाय लागतात म्हणे. हिला चाकं लागली.

तेवढ्यात त्यांची बायको राहीबाई चार बायका घेऊन आल्याच. हातात ताट, ताटात हळदकुंकू आणि नारळ.

"मॅडम, येक चक्कर मारू द्या," लालासाहेब हळूच म्हणाले. "गाव बघतंया."

मॅडमना त्यांची दया आली. "मारा. पण तेवढा पट्टा खराब होईल."

लालासाहेबांनी त्या काळ्याभोर, वाफाळत्या रस्त्याकडे पाहिलं. मग मशीन बंद केलं आणि खाली उतरले.

"त्या तानाजीच्या लोखंडी रोलरला कुंकू लाव," ते राहीबाईंना म्हणाले.

"आन तुमच्या?"

"रस्त्यात रबर, माज्या चाकातबी रबर. चिकटतंया."

"भावकीच की मग! चिकटायचं आन सालटी काढायची."

बायका हसल्या. लालासाहेबांनी दुसऱ्याच्या मशीनपुढे नारळ फोडला. त्यांना फार वाईट वाटलं. राहीबाईंना ते दिसलं.

काम उरकलं तेव्हा उन्हं कलली होती. रस्ता अजून गरम होता, त्यामुळे टायर रोलर परत न्यायला पाणंदीचीच वाट उरली. लालासाहेब खाली मान घालून चिखलातून मशीन हाकू लागले. कडेला माणसं, म्हशी, उसाच्या मोळ्या. राहीबाई पदर खोचून पुढे झाल्या आणि खणखणीत आवाजात ओरडल्या,

"सरा बाजूला! आमच्या मालकांचं मशीन येतंया!"